‘वरीलप्रमाणे’ म्हणजे नेमके कशाच्या वर?

गेल्या फेब्रुवारीत, मृग बहाराच्या संत्र्यांची तोड चालू असताना, आमच्या गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाने मला एक प्रश्न विचारला. “ताई, बाकी साऱ्या साइट उघडून रायल्या, मंग ही एकच काऊन नाही उघडत?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे नऊ दिवस गेले. सातबारा काढायला आलेली माणसे दाराबाहेर थांबलेली असताना तो हे विचारत होता, आणि दोष त्याच्या जोडणीत नसून मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये असावा, असे मला त्याच क्षणी वाटले होते.

आमचे गाव वरुड तालुक्यात आहे. मी घरूनच सर्व्हरचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करते. मोबाइलचा टॉवर दूर असल्यामुळे एखादा संदेश जाऊन त्याचे उत्तर परत येईपर्यंत बराच वेळ जातो, आणि आजकालचे एक पान उघडायचे म्हटले तरी ब्राउझरला दहा-पंधरा वेगवेगळ्या नावांचे पत्ते विचारावे लागतात. म्हणून मी हाताच्या पंजाएवढ्या एका संगणकावर असा प्रोग्रॅम बसवला, की जो नावावरून पत्ता शोधण्याचे प्रश्न घेईल, वरच्या सर्व्हरला विचारेल, आलेले उत्तर मुदतीपुरते जवळ ठेवेल आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर बाहेर न जाता उत्तर देईल. आमचे घर आणि शेजारचे सेवा केंद्र असे दोघेही तोच संगणक वापरतात. प्रोग्रॅम जावा या भाषेत असून पाकिटे घेण्या-पाठवण्यासाठी मी नेटी ही लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमांचा संच, वापरली. नेटीमध्ये या संदेशांसाठी तयार एन्कोडर (संदेश लिहिणारा भाग) आणि डिकोडर (आलेला संदेश वाचून उलगडणारा भाग) आहेत, पण हा संदेश बाइटांमध्ये, म्हणजे आठ-आठ बिटांच्या (० किंवा १ यांच्या) गटांमध्ये, कसा मांडला जातो हे मला स्वतःच्या हाताने समजून घ्यायचे होते, त्यामुळे तो भाग मी स्वतः लिहिला. त्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण त्या नऊ दिवसांत जे कळले ते तयार डिकोडर वापरून कधीच कळले नसते.

नावे आणि पत्ते यांची जोडणी एके काळी एकाच फाइलमध्ये होती. कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ती सांभाळली जाई आणि जाळ्यावरील प्रत्येक संगणक तिची प्रत उतरवून घेई. यंत्रांची संख्या वाढल्यावर हे अशक्य झाले, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नेम सिस्टिमची, म्हणजे डीएनएसची, पहिली मांडणी प्रसिद्ध केली. १९८७ मध्ये तिच्या जागी आरएफसी १०३४ आणि १०३५ हे इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या मालिकेतील दोन दस्तऐवज आले, आणि संदेशाचा जो आराखडा १०३५ मध्ये दिला आहे तोच आजही चालतो.

त्या आराखड्यात सुरुवातीचे १२ बाइट हेडरचे असतात. पहिले दोन बाइट संदेशाचा क्रमांक, पुढचे दोन खुणांचे आणि त्यानंतर प्रत्येकी दोन बाइटांच्या चार संख्या: प्रश्न किती, उत्तरे किती, अधिकृत सर्व्हरांच्या नोंदी किती आणि जादा नोंदी किती. खुणांच्या १६ बिटांमध्ये हा प्रश्न आहे की उत्तर, उत्तर अर्धवट कापले गेले आहे का, शोध पूर्ण करून द्यावा अशी विनंती आहे का, चूक कोणती झाली, हे सारे बसवलेले असते. नेहमीच्या प्रश्नात या १६ बिटांची किंमत २५६ असते आणि नेहमीच्या यशस्वी उत्तरात ३३१५२. प्रत्येक संख्येचा मोठा बाइट आधी येतो. हेडर लिहिणे आणि वाचणे हे तासाभराचे काम आहे आणि त्यात फारसे काही चुकत नाही.

खरे काम नावापासून सुरू होते. समजा, रोमन लिपीत लिहिलेले ‘बाजार.वरुड.एक्झाम्पल’ असे नाव आहे. (शेवटचा शब्द १९९९ पासून उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, म्हणून तो निर्धास्तपणे वापरता येतो.) संदेशात टिंबे लिहिली जात नाहीत. प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे लेबलच्या, आधी त्याची लांबी एका बाइटात लिहितात आणि शेवटी शून्य लिहितात. रोमन लिपीत बाजारची पाच अक्षरे, वरुडची पाच आणि एक्झाम्पलची सात. प्रत्येकापुढे लांबीचा एक बाइट आणि अखेरचे शून्य धरून एकूण २१ बाइट होतात. हेडरचे १२ बाइट ० ते ११ या जागांवर असल्यामुळे नाव १२व्या जागेपासून सुरू होते, ‘वरुड’ १८व्या जागेपासून, ‘एक्झाम्पल’ २४व्या जागेपासून, आणि शून्य ३२व्या जागी पडते. त्यानंतर प्रश्नाचा प्रकार आणि वर्ग यांचे प्रत्येकी दोन बाइट असतात. म्हणजे उत्तराची पहिली नोंद ३७व्या जागेवर सुरू होते. हे आकडे मी मुद्दाम देत आहे, कारण पुढची सारी गोष्ट या जागांवरच उभी आहे.

लेबल जास्तीत जास्त ६३ बाइटांचे आणि पूर्ण नाव २५५ बाइटांचे असावे, असा नियम आहे. ६३ हा आकडा मनाला येईल तसा निवडलेला नाही. ६३ पर्यंतची कोणतीही संख्या सहा बिटांत मावते, त्यामुळे लांबीच्या बाइटाचे पहिले दोन बिट रिकामे राहतात. ते दोन्ही बिट १ असतील तर हा बाइट लांबीचा नसून पॉइंटरचा आहे असे समजायचे, आणि उरलेले सहा बिट व पुढच्या बाइटाचे आठ असे चौदा बिट मिळून संदेशातील एक जागा सांगतात. ‘बाकीचे नाव तिथून वाच’ असा त्याचा अर्थ. १९२ आणि १२ असे दोन बाइट लागोपाठ दिसले की समजावे, नाव १२व्या जागेवर आधीच लिहिले आहे.

माझे वडील संत्र्यांच्या विक्रीची वही लिहितात. एकाच व्यापाऱ्याला सलग चार दिवस माल गेला तर पहिल्या ओळीत ते त्याचे पूर्ण नाव आणि गाव लिहितात आणि खालच्या तीन ओळींत ‘वरीलप्रमाणे’ एवढेच लिहितात. पॉइंटर म्हणजे तेच, फक्त इथे ‘वर’ म्हणजे कितव्या बाइटावर हेही सांगितलेले असते. बचत किती होते पाहा: आपल्या उदाहरणातील नावाच्या पत्त्याची एक नोंद पूर्ण नावासह लिहिली तर २१ बाइट नावाचे, दहा बाइट प्रकार, वर्ग, मुदत आणि लांबी यांचे व चार बाइट पत्त्याचे असे ३५ बाइट लागतात, पॉइंटर वापरला तर १६ लागतात. यूडीपीवरील, म्हणजे एकाच सुट्या पाकिटातून जाणाऱ्या, संदेशाला मुळात ५१२ बाइटांची मर्यादा होती. त्यात प्रश्नानंतर उरलेल्या ४७५ बाइटांमध्ये पूर्ण नावाने १३ नोंदी बसतात आणि पॉइंटरने २९. त्या काळी ही युक्ती का आवश्यक वाटली असेल हे एवढ्यावरून समजते, आणि आमच्यासारख्या मंद जोडणीवर ती आजही उपयोगाची आहे.

एन्कोडरमध्ये ही बचत करायची तर आतापर्यंत लिहिलेल्या प्रत्येक नावाची आणि त्याच्या प्रत्येक शेपटाची (जसे ‘वरुड.एक्झाम्पल’, ‘एक्झाम्पल’) जागा एका तक्त्यात टिपून ठेवावी लागते. माझी पहिली चूक इथे झाली. मी नावाची जागा तक्त्यात आधी नोंदवत होते आणि नंतर ‘हे नाव तक्त्यात आहे का’ असे विचारत होते. साहजिकच ते नेहमीच सापडे. परिणामी १२व्या जागेवर नाव लिहिण्याऐवजी ‘१२व्या जागेवर पाहा’ असा पॉइंटर लिहिला गेला. तो संदेश मी माझ्याच डिकोडरला दिला तेव्हा तो १२व्या जागेवरून १२व्या जागेवर उड्या मारत राहिला आणि तो छोटा संगणक तापून बंद पडला. एन्कोडरची दुरुस्ती दोन ओळींची होती: आधी शोधायचे, नसेल तर लिहायचे आणि लिहिल्यावर नोंदवायचे. चौदा बिटांत १६३८३ पेक्षा मोठी जागा मावत नाही, म्हणून त्यापुढची शेपटे तक्त्यात घ्यायचीच नाहीत, हेही तेव्हाच जोडले.

मात्र डिकोडरचा प्रश्न दोन ओळींचा नव्हता. एन्कोडर आपण जे जाणतो तेच लिहितो, पण डिकोडरपुढे कुणीही, कुठूनही पाठवलेले बाइट येतात. स्वतःकडे बोट दाखवणारा पॉइंटर उद्या कुणी मुद्दाम पाठवला तर माझा संगणक पुन्हा तसाच फिरत राहील, हे मला त्या अपघातामुळे कळले. अशा चुका जगभरच्या कित्येक प्रणालींमध्ये सापडल्या आहेत. २०२१ मध्ये सुरक्षा संशोधकांनी छोट्या उपकरणांमधील अनेक नेटवर्क प्रणालींचे डीएनएसचे डिकोडर तपासून त्यांतील दोष जाहीर केले, आणि २०२२ मध्ये अशा नेहमीच्या चुकांवर आरएफसी ९२६७ हा स्वतंत्र दस्तऐवज निघाला. दोषांचे मूळ बहुतेक ठिकाणी एकच होते, ते म्हणजे संदेशात लिहिलेल्या लांबीवर आणि जागेवर न तपासता ठेवलेला विश्वास.

या टप्प्यावर मी नेटीचा डिकोडर उघडून वाचला. नाव वाचताना पहिला पॉइंटर लागला की तो पॉइंटरनंतरची जागा लक्षात ठेवतो, आणि त्यानंतर कितीही उड्या झाल्या तरी ती जागा बदलत नाही. नाव संपले की वाचन पुन्हा तिथेच आणून ठेवतो. हे फार महत्त्वाचे आहे, कारण उडी मारून जिथे नाव संपले तिथूनच पुढे वाचत गेले तर नोंदीचा प्रकार, वर्ग, मुदत हे सारे भलत्याच जागेवरून वाचले जाते. पॉइंटर संदेशाच्या बाहेर जात असेल तर तो चूक दाखवतो. प्रत्येक उडीला तो एका मोजणीत दोन मिळवतो, आणि ती मोजणी संदेशाच्या लांबीएवढी झाली की नाव गोल फिरत आहे असे ठरवतो. एक पॉइंटर दोन बाइटांचा असतो, त्यामुळे संदेशात मावतील त्याहून जास्त पॉइंटर प्रामाणिक नावात असूच शकत नाहीत, हा त्यामागचा विचार. मला हा विचार आवडला, तरी माझ्या प्रोग्रॅममध्ये मी त्याहून कडक अट ठेवली आहे: प्रत्येक उडी आधीच्या जागेपेक्षा मागेच गेली पाहिजे. आरएफसी १०३५ मध्येही पॉइंटर आधी येऊन गेलेल्या नावाकडे असतो असेच म्हटले आहे, आणि सतत मागे जाणारी उडी कधी ना कधी संपतेच.

जावामध्ये आणखी एक खाच आहे. जावाचा बाइट ऋण संख्याही धरतो, त्यामुळे १९२ हा बाइट तसाच वाचला तर तो उणे ६४ म्हणून हाती येतो आणि ‘१९२ किंवा त्याहून मोठा आहे का’ ही तपासणी निरुपयोगी ठरते. नेटीच्या बफरमध्ये, म्हणजे आलेले बाइट ठेवण्याच्या जागेत, चिन्हरहित (ऋण न धरता) बाइट वाचण्याची वेगळी पद्धत आहे, तीच वापरावी.

आता सेवा केंद्रातील त्या न उघडणाऱ्या संकेतस्थळाकडे येते. टीसीपीडम्प हे जाळ्यावरची पाकिटे दाखवणारे साधन लावून मी पाकिटे पकडली, तेव्हा दिसले की वरच्या सर्व्हरकडून माझ्या संगणकाला आलेले उत्तर निर्दोष होते, पण माझ्या संगणकाने केंद्रातील लॅपटॉपला दिलेले उत्तर लॅपटॉपने टाकून दिले होते. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की ज्या नावांना टोपणनाव नव्हते ती उघडत, एक टोपणनाव असलेलीही उघडत, आणि दोन टोपणनावांची साखळी असलेली मात्र उघडत नसत. (टोपणनाव म्हणजे सीनेम प्रकारची नोंद, जी सांगते की या नावाचे खरे नाव दुसरेच आहे.) सहा दिवस मी भलतीकडेच शोधत होते. मुदत संपलेली नोंद दिली जाते का, पाकीट अर्धवट जाते का, हे सारे तपासून झाले.

मग उदाहरणाची नावे घेऊन मी तीच परिस्थिती कागदावर मांडली. वरच्या सर्व्हरच्या उत्तरात ३७व्या जागेवर पहिली नोंद सुरू होते. तिचे नाव पॉइंटरने दोन बाइटांत आणि बाकीचे दहा बाइट धरून तिचा मजकूर ४९व्या जागेवर येतो. त्या मजकुरात ‘ए.कापूस’ आणि पुढे एक्झाम्पलकडे, म्हणजे २४व्या जागेकडे, पॉइंटर आहे. ४९ व ५० या जागांवर ‘ए’ हे लेबल, म्हणून ‘कापूस’ ५१व्या जागेवर सुरू होते. दुसऱ्या टोपणनावाचा मजकूर आहे ‘बी’ आणि पुढे ५१कडे पॉइंटर, म्हणजेच बी.कापूस.एक्झाम्पल.

माझा प्रोग्रॅम नोंद साठवताना नोंदीचे नाव उलगडून ठेवत होता, पण तिचा मजकूर जसाच्या तसा, कच्च्या बाइटांमध्ये. पत्त्याच्या नोंदीत मजकूर म्हणजे निव्वळ चार बाइट असतात, त्यामुळे तिथे काहीच बिघडत नसे. टोपणनावाच्या मजकुरात मात्र पॉइंटर असतात, आणि ते ज्या संदेशात आले त्याच संदेशाच्या जागा सांगतात. परत उत्तर देताना मी नोंदीची नावे पूर्ण लिहीत होते, म्हणून पहिल्या नोंदीचा मजकूर ४९ऐवजी ६८व्या जागेवर गेला होता. प्रश्न मात्र जुन्याच जागी होता, त्यामुळे २४कडे जाणारा पॉइंटर योगायोगाने बरोबर लागत होता, आणि म्हणूनच एका टोपणनावाची संकेतस्थळे उघडत होती. ५१व्या जागेवर आता नोंदीच्या पूर्ण लिहिलेल्या नावातील ‘एक्झाम्पल’ या शब्दाचे दुसरे रोमन अक्षर, एक्स, येऊन बसले होते. त्याचा संकेत १२०. रोमन लिपीतील सर्व लहान अक्षरांचे संकेत ९७ ते १२२ असतात आणि त्यांचे पहिले दोन बिट ०१ असे असतात. ही जोडी लांबीचीही नाही आणि पॉइंटरचीही नाही. लॅपटॉपने असा संदेश नाकारला हे योग्यच होते.

वडिलांच्या वहीतले एक पान फाडून ते दुसऱ्या वहीत चिकटवले, तर त्यावरचे ‘वरीलप्रमाणे’ भलत्याच व्यापाऱ्याकडे बोट दाखवू लागेल. मी नेमके तेच करत होते.

दुरुस्ती अशी, की नावे असलेल्या ओळखीच्या प्रकारांचा मजकूर साठवण्याआधी पूर्ण संदेश हाताशी ठेवून उलगडायचा: टोपणनाव, अधिकृत सर्व्हर, उलट शोध (पत्त्यावरून नाव), आणि टपालाच्या नोंदीत पहिले दोन प्राधान्याचे बाइट सोडून पुढचे नाव. पण जे प्रकार माझ्या प्रोग्रॅमला माहीतच नाहीत, त्यांच्या मजकुरात पॉइंटर असला तर काय? हा प्रश्न मला अस्वस्थ करत होता, आणि त्याचे उत्तर २००३ च्या आरएफसी ३५९७ मध्ये मिळाले. जुन्या, सर्वपरिचित प्रकारांखेरीज नव्या कोणत्याही प्रकाराच्या मजकुरात नावे आखडून लिहायची नाहीत, असे त्यात बजावले आहे. म्हणजे अनोळखी नोंद कच्च्या बाइटांमध्ये उचलून दुसरीकडे ठेवली तरी ती मोडत नाही. मधल्या माणसाला न कळणारी गोष्ट त्याच्या हातून सुखरूप पुढे जावी याची काळजी घेणारा हा नियम वाचून मला फार बरे वाटले.

नेटीचा डिकोडर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ज्या नोंदी तो कच्च्या स्वरूपात देतो, त्या मूळ बफरलाच धरून असतात आणि त्या बफरचा वापर मोजला जातो. काम झाल्यावर त्या सोडल्या नाहीत तर स्मृती गळत राहते, आणि साठवून ठेवायच्या असतील तर वेगळी प्रत काढावी लागते.

हा दोष गेल्यावर मी उरलेला डिकोडरही नव्याने तपासला. हेडरमधील चार संख्यांपैकी प्रत्येक ६५५३५ पर्यंत जाऊ शकते, आणि केवळ १२ बाइटांचा संदेशही ‘माझ्यात ६५५३५ उत्तरे आहेत’ असे सांगू शकतो. म्हणून त्या आकड्यावरून आधीच जागा राखून ठेवणे मी बंद केले. संदेशाचा आकार वाढवण्यासाठी १९९९ मध्ये आलेली ४१ क्रमांकाची ऑप्ट नोंद दिसायला इतर नोंदींसारखीच असते, पण तिच्या वर्गाच्या जागी स्वीकारता येणारा आकार लिहिलेला असतो आणि मुदतीच्या जागी खुणा. ती साठवायची नसते, आणि मी ती साठवत होते. आकार म्हणून आता मी १२३२ लिहिते. २०२० पासून पाकिटांचे तुकडे होऊ नयेत म्हणून हाच आकडा सुचवला जातो. उत्तर आले की संदेशाचा क्रमांकच नव्हे, तर त्यातील प्रश्नही आपण विचारलेलाच आहे का हे पाहते. केवळ १६ बिटांचा क्रमांक ओळखून खोटे उत्तर घुसवता येते, हे डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवून दिले आहे, आणि म्हणून प्रत्येक प्रश्नासाठी पाठवण्याचा पोर्टही, म्हणजे संगणकाच्या ज्या क्रमांकाच्या दारातून पाकीट निघते तोही, बदलता ठेवला आहे.

देवनागरी नावांबद्दल एक गोष्ट राहिली. ‘.भारत’ हे शेवटचे लेबल देवनागरीत लिहिता येते, पण जाताना ते प्यूनीकोडने, म्हणजे इतर लिप्या रोमन चिन्हांत लिहिण्याच्या पद्धतीने, बदलून एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे ११ रोमन चिन्हांचे लेबल होते. भारत हा शब्द यूटीएफ-८मध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, १२ बाइटांचा आहे. ६३ची मर्यादा तपासायची ती या बदललेल्या लेबलावर, मूळ शब्दावर नाही. माझा एन्कोडर मूळ शब्दाची अक्षरे मोजत होता, तेही बदलले.

नवव्या दिवशी दुपारी केंद्रात जाऊन मी नवा प्रोग्रॅम चढवला आणि ते पान उघडले. त्या मुलाने लगेच पुढच्या माणसाचा गट क्रमांक विचारला. ५१कडे बोट दाखवणारा तो संदेश मी चाचण्यांच्या फोल्डरमध्ये ‘वरीलप्रमाणे’ या नावाने ठेवला आहे, आणि त्याच्या शेजारी १२व्या जागेवरून १२कडेच पाहणारा पहिला संदेशही ठेवला आहे. डिकोडरमध्ये एक ओळ जरी बदलली तरी ते दोन्ही संदेश त्यातून पुन्हा जातात.